सहा वाजले

आमचा वर्ग संध्याकाळी सहा ते साडेसात भरतो. नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्याला एक खोली आहे. दिवसा तिथे बालवाडी असते, संध्याकाळी आम्ही. बाकं मुलांच्या मापाची, म्हणून मोठी माणसं सतरंजीवर भिंतीला टेकून बसतात. सगळे मराठी शाळेत शिकलेले. इंग्रजी वाचता येतं, सह्या-अर्ज जमतात, पण समोर माणूस उभा राहिला की घसा कोरडा पडतो. त्या घशासाठी हा वर्ग आहे.

मागच्या जूनमध्ये नवी तुकडी सुरू झाली. पहिला धडा नेहमी घड्याळाचा घेते, कारण तो सोपा जातो आणि माणसं पहिल्याच दिवशी तोंड उघडतात. फळ्यावर लिहिलं, ‘व्हॉट टाइम इज इट?’ खाली उत्तर लिहिलं, ‘इट इज सिक्स.’ मागच्या भिंतीपाशी बसलेल्या एका काकूंनी हात वर केला. पाचपाखाडीत त्यांचं पोळीभाजी केंद्र आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरमधली नवी गिऱ्हाइकं फोनवर इंग्रजीतच बोलतात, म्हणून त्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी वही घेऊन आल्या होत्या.

“ताई, आपण म्हणतो सहा वाजले. वाजले म्हणजे वाजून झाले ना? मग इज कसं? वॉज पाहिजे.”

मी म्हटलं, इंग्रजीत तसंच म्हणतात. काकूंनी वहीत लिहून घेतलं. पण लिहिताना त्यांनी जी मान हलवली तिच्यात ‘पटलं’ नव्हतं, ‘बरं, तुम्ही म्हणता तर’ होतं. बावीस वर्षं मी हा धडा शिकवते आहे आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. आपलं घड्याळ ठोके देऊन मोकळं होतं, त्यांचं घड्याळ एका जागी असतं. वेळ तीच, आणि एक भाषा ‘वाजले’ म्हणते, दुसरी ‘आहे’ म्हणते.

त्या दिवशी घरी जाताना मी तलावपाळीला वळसा घालून गेले आणि फक्त कान उघडे ठेवले. कोपिनेश्वराच्या बाजूने दोन शाळकरी मुली येत होत्या. एक म्हणाली, “भूक लागली गं.” दुसरी म्हणाली, “मला तर झोप आली.” कणीसवाल्याकडे एक आजोबा उभे होते, “झालं का?” तो म्हणाला, “झालं, झालं,” आणि कणीस अजून निखाऱ्यावरच होतं. आभाळाकडे बघत कोणीतरी म्हणालं, “आला बघ पाऊस,” तेव्हा एक थेंबही पडलेला नव्हता. रिक्षाच्या रांगेतली बाई फोनवर सांगत होती, “हो, आलेच मी, पोचलेच.”

एकामागून एक सगळी क्रियापदं ‘ल’ची. शाळेत आपण त्याला भूतकाळ म्हणून पाठ केलं. पण यातली एकही गोष्ट भूतकाळातली नव्हती. भूक त्या क्षणी पोटात होती. झोप डोळ्यांवर होती. कणीस व्हायचं होतं, पाऊस पडायचा होता, बाई पोचायची होती.

ठाणे स्टेशनवर हे रोज दिसतं. कळव्याच्या बाजूने गाडीचे दिवे नुसते चमकले की फलाटावर कुजबुज पसरते, “आली, आली.” माणसं पिशव्या उचलतात, पदर खोचतात, एक पाऊल पुढे सरकतात. गाडी अजून लांब आहे. तिचा आवाजही आलेला नाही. पण बोलण्यात ती आलेली आहे. इंग्रजी बोलणारा माणूस तिथे ‘इट्स कमिंग’ म्हणेल किंवा ‘हिअर कम्स द ट्रेन’. ‘द ट्रेन केम’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, गाडी येऊन गेली आणि आपली चुकली.

माझ्या वर्गात वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा आहे. त्याचे वरिष्ठ दाक्षिणात्य, मेल इंग्रजीत. प्रत्येक सूचनेला तो उत्तर पाठवायचा, ‘आय अंडरस्टूड.’ त्याच्या मनात ‘समजलं’ होतं, आणि समजलं म्हणजे आता माझ्या डोक्यात नीट बसलं, काळजी नको. पण इंग्रजी कानाला ‘आय अंडरस्टूड’ कुठल्यातरी जुन्या प्रसंगाबद्दल वाटतं, तेव्हा समजलं होतं अशा थाटाचं. त्याला हवं होतं ‘आय अंडरस्टँड’. असंच ‘आठवलं!’ म्हणजे ‘आय रिमेंबर!’ पहिला घास तोंडात असताना ‘आवडलं’ म्हणायचं तर ‘आय लाइक इट’. ‘आय लाइक्ड इट’ हे हात धुतल्यावर. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो काही वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “म्हणजे मॅडम, माझी चूक व्याकरणाची नाही. मला भूतकाळ कुठे सुरू होतो तेच वेगळं वाटतं.” इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नसतं.

‘ल’चं हे प्रकरण आपल्या व्याकरणकारांना ठाऊक होतं. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, जे १८९३ पासून या गावाचं वाचनाचं घर आहे, मी त्या जुलैत दोन-तीन शनिवार बसले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं. तिथे मला पुन्हा तो शब्द भेटला, जो बी. ए.ला घोकला होता आणि परीक्षेनंतर विसरून गेले होते. लाख्यात. आख्यात म्हणजे क्रियापदाचं रूप, आणि ‘ल’ प्रत्यय लागलेलं आख्यात म्हणजे लाख्यात. तसंच ताख्यात, वाख्यात, ई-आख्यात. म्हणजे आपल्या व्याकरण परंपरेत क्रियापदाच्या रूपांना काळावरून नावं देण्याच्या जोडीला प्रत्ययावरून नावं देण्याची सोय आहे. विद्यार्थी असताना मला ती उगाच किचकट वाटली होती. आता वाटतं, त्यामागे फार मोठा प्रामाणिकपणा आहे. रूप एक आणि काळ तीन असतील तर रूपाला काळाचं नाव द्यायचं कसं? ‘तो काल आला’ हा भूतकाळ. ‘हा बघ, आलोच’ हा भविष्यकाळ. ‘तो आला तर सांग’ हा संकेत. प्रत्यय मात्र तोच, ‘ल’.

याचं मूळही सुंदर आहे. संस्कृतातलं ‘गत’, ‘आगत’ ही विशेषणं. प्राकृतात त्यांना ‘इल्ल’ असा प्रत्यय जोडला गेला आणि त्या वळणाने आपले गेला, आला तयार झाले. म्हणून तर ते अजून विशेषणासारखे वागतात. आला, आली, आलं. चांगला, चांगली, चांगलं. ‘गाडी आली’ म्हणताना आपण खरं तर गाडीचं वर्णन करतो, आलेली गाडी. तिचं येणं कधी घडलं हा मुद्दा मागे पडतो. ती आता कशी आहे, आपल्यासमोर आहे की नाही, हा पुढे येतो. भूक लागली म्हणजे भूक मला चिकटलेली आहे. दमले म्हणजे मी दमलेली आहे. इंग्रजीतही या ठिकाणी ‘आय एम टायर्ड’ म्हणतात, आणि ‘टायर्ड’ हे रूप धातुसाधितच आहे, ‘दमलेली’. तिथे दोन्ही भाषा एका ओसरीवर बसतात. पण त्यांनी ‘एम’ला वाक्यात ठेवलं, आपण ‘आहे’ला बाहेर बसवलं.

वर्तमानपत्राचे मथळे बघा. इमारत पडली तर इंग्रजी पेपर लिहितो, ‘बिल्डिंग कोलॅप्सेस’, थेट वर्तमानकाळात. मराठी पेपर लिहितो, ‘इमारत कोसळली’. दोघांनाही बातमी गरम ठेवायची आहे. त्यासाठी इंग्रजीला भूतकाळ टाळावा लागतो. कारण त्या भाषेत भूतकाळ म्हणजे वस्तू उचलून लांब ठेवणं. आपल्याला टाळावा लागत नाही, कारण आपला ‘ल’ वस्तू उचलून उंबऱ्यात आणून ठेवतो.

हे लांब ठेवणं मला एकदा दिसलं आणि मग मी वर्गात काळ शिकवायची पद्धतच बदलली.

झालं असं. जुलैचा दुसरा आठवडा, पाऊस असा की स्टेशनकडून येणारे अर्धेच पोचले. मी वाक्य दिलं, ‘उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही.’ नऊपैकी सात जणांनी लिहिलं, ‘इफ इट रेन्ड टुमॉरो, आय विल नॉट कम.’ पडला म्हणून रेन्ड. त्यांचं गणित बरोबरच होतं. पण इंग्रजीत ‘इफ इट रेन्ड’ म्हटलं की पाऊस उचलून दूर ठेवला जातो. पडण्याची फारशी शक्यता नाही, नुसती कल्पना करून बघू, असा तो पाऊस. खिडकीबाहेर धो धो कोसळत असताना ते वाक्य चालणार नाही. तिथे ‘इफ इट रेन्स’च हवं. आणि जे मुळात घडणारच नाही तेही इंग्रजीत भूतकाळातच जातं. ‘इफ आय वेअर यू’. मी तू असते तर. काल नव्हे, परवा नव्हे, कधीच नाही, तरी ‘वेअर’. ‘इट इज टाइम वी वेंट’ असंही म्हणतात. निघायचं आत्ता आहे, आणि क्रियापद ‘वेंट’.

तेव्हा मी फळ्यावर एक उभी रेघ ओढली. म्हटलं, भूतकाळ हा शब्द विसरा. या रेघेच्या अलीकडे जे आहे ते जवळचं, पलीकडे आहे ते लांबचं. काल घडलेलं लांब. अशक्य गोष्ट लांब. आणि मोठ्या माणसाशी बोलताना आपण स्वतःची विनंतीही थोडी लांब ठेवतो, त्याच्या अंगावर टाकत नाही. म्हणून ‘कॅन यू’पेक्षा ‘कुड यू’ नम्र, ‘विल यू’पेक्षा ‘वुड यू’. ‘आय वॉन्ट टू आस्क’पेक्षा ‘आय वॉन्टेड टू आस्क’.

हे सांगत असताना काकू एकदम सरसावून बसल्या. “हे आपल्यात आहे की! मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले की काय म्हणते? ‘साहेब, जरा काम होतं.’ काम तर आत्ताच असतं. ‘एक विचारायचं होतं’ म्हणते. होतं कसलं, आहे!”

वर्ग हसला, आणि मला भरून आलं. त्यांनी शोधलं होतं ते. ‘होतं’ हा आपला खरा लांबचा काळ. तो ‘ल’च्या कुळातला नाही. ‘काम आहे’ म्हटलं की समोरच्यावर ओझं पडतं. ‘काम होतं’ म्हटलं की त्याला वाटतं, नाही म्हटलं तरी चालेल. दारात उभं राहून, आत न शिरता बोलल्यासारखं. म्हणजे मराठीला जवळ आणणारा ‘ल’ही माहीत आहे आणि दूर ठेवणारं ‘होतं’ही. त्या दिवसानंतर वर्गात एकाही जणाला ‘वुड’ आणि ‘कुड’ घोकावं लागलं नाही. मी फक्त म्हणते, ‘जरा काम होतं’वालं वाक्य बोला.

एक आडवाट घेते, कारण ती मला फार प्रिय आहे. ग्रंथ संग्रहालयात लाख्याताच्या पुढची पानं ई-आख्याताची होती. करी, जाई, बसे, म्हणे. आज आपण हे रूप जुन्या सवयीसाठी वापरतो. ‘आजी तिन्हीसांजेला दिवा लावी’, म्हणजे लावायची. वाचताच कळतं की आजी आता नाही. पण ज्ञानेश्वरांच्या काळात हे रूप चक्क वर्तमानकाळ होतं. करी म्हणजे करतो. भाषा शेकडो वर्षं चालत राहिली, ‘करतो’ पुढे आला आणि ‘करी’ हळूहळू मागे सरकत भूतकाळात जाऊन बसला. म्हणींमध्ये मात्र तो अजून तसाच ताजा आहे. देव तारी त्याला कोण मारी. दाम करी काम. खाई त्याला खवखवे. यातलं एकही क्रियापद जुन्या दिवसांबद्दल बोलत नाही. खवखवतं ते आजही.

मग ‘तुका म्हणे’ काय? म्हणतो की म्हणायचा? सतराव्या शतकातल्या माणसाने स्वतःबद्दल लिहिलेलं हे रूप. त्याने लिहिलं तेव्हा ते जवळचं होतं. आजच्या व्याकरणाने वाचलं तर ‘तुका म्हणायचा’ असा अर्थ निघू शकतो. पण देहूला, पंढरपूरला, किंवा आमच्या घंटाळीतल्या भजनी मंडळात शेवटचं चरण येतं आणि टाळ थबकतात, तेव्हा तिथे बसलेल्या एकाही माणसाच्या मनात ‘म्हणायचा’ येत नाही. तुका म्हणतोच आहे. दिलीप चित्र्यांनी तुकारामांचे अभंग इंग्रजीत नेले, १९९१ साली पुस्तक आलं, आणि त्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘सेज तुका’. ‘सेड’ नाही. दोन्ही शब्दांच्या उच्चारात एकाच ध्वनीचा फरक, पण ‘सेड तुका’ असतं तर तो माणूस पुराणवस्तूंच्या काचेच्या कपाटात गेला असता. ‘सेज’मुळे तो अजून इंद्रायणीच्या काठी बसलेला आहे. भाषांतर करणाऱ्याला काळ निवडावाच लागतो, मराठीसारखं दोन्हीकडे पाय ठेवून उभं राहता येत नाही. चित्र्यांनी निवडलेला काळ मला भाषांतरातला सगळ्यात मोठा निर्णय वाटतो.

हे सगळं मी इतकं आळवत बसते त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात अण्णा गेले. माझे वडील. वय शहाऐंशी, शेवटचे चार महिने अंथरुणावर. दिवस-कार्य झाल्यावर कागदपत्रांची कामं निघाली. त्यांची एक मुदत ठेव होती, वारस म्हणून आईचं नाव. बँकेला पत्र इंग्रजीत लागेल म्हणाले, ते अर्थातच मी लिहिलं. पहिलं वाक्य होतं, ‘माय फादर हॅज अ फिक्स्ड डिपॉझिट इन युअर ब्रँच.’ त्यांचं नाव, खातं क्रमांक, मृत्यूची तारीख.

खिडकीतला तरुण अधिकारी पत्र वाचत होता. त्याने पेन्सिल घेतली आणि ‘हॅज’भोवती एक छोटा गोल काढला. म्हणाला, “मॅडम, इथे हॅड करून आणता का?” मी म्हटलं, “ठेव तर अजून आहे ना तुमच्याकडे?” तो म्हणाला, “ठेव आहे, पण ठेव...” आणि थांबला. पुढचा शब्द त्याने गिळला. वाईट नव्हता तो. त्याने नजर खाली घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

समोरच झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे टाइप करून मिळतं. दुकानातल्या मुलीला मी ‘हॅज’चा ‘हॅड’ करायला सांगितला. तिला एक सेकंद लागला. मी मात्र प्रिंट हातात घेऊन बराच वेळ फुटपाथवर उभी होते. इतके दिवस घाट, दहावा, तेरावा, सगळं मी कोरड्या डोळ्यांनी पार पाडलं होतं. त्या एका अक्षराने मला जमिनीवर आणलं.

तेव्हा राग आला होता. आता कळतं की इंग्रजीच्या हिशोबाने त्याचं बरोबर होतं. त्या भाषेत ‘हॅज’ला कर्ता बहुधा जिवंत लागतो. भाषाशास्त्रात एक वाक्य फार चर्चिलं गेलंय, नोम चॉम्स्कींनी ते मांडलं होतं. ‘आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन.’ सगळे शब्द शुद्ध, रचना शुद्ध, तरी ते कानाला खटकतं, कारण आइन्स्टाइन १९५५ सालीच वारले. ‘हॅज’ म्हणायला माणूस हयात हवा. तेच वाक्य उलटवून ‘प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइन्स्टाइन’ केलं की खटका कमी होतो. प्रिन्स्टन गाव अजून आहे ना! मी हे वाचलं तेव्हा मला आमचं ठाणं आठवलं. अण्णांबद्दल ‘ही हॅज लिव्ह्ड इन ठाणे’ असं मी आता लिहू शकत नाही. पण ठाण्याबद्दल लिहिताना मला त्यांना ‘हॅज’मध्ये घेता येईल. या गावाने त्यांना पाहिलेलं आहे, असं.

आणि मराठीत? मराठीत अण्णा ‘गेले’. पुन्हा तोच ‘ल’. इंग्रजीत याला ‘ही वेंट’ म्हणता येणार नाही, ते बाजारात गेल्यासारखं होईल. जवळचा शब्द आहे ‘ही इज गॉन’. ‘हॅज’ नाही, ‘इज’. जुन्या इंग्रजीत येण्याजाण्याच्या क्रियापदांना असाच ‘इज’ लागायचा, तो अशा मोजक्या ठिकाणी टिकून राहिलाय. गॉन, आणि आत्ता गॉन, गेलेले आहेत. आपल्या ‘गेले’सारखंच. जाणं त्या सकाळी झालं, गेलेलं असणं रोज आहे.

अण्णा गेल्यावर महिनाभराने घरच्या फोनवर त्यांच्या एका जुन्या ओळखीच्यांचा फोन आला. कर्जतहून बोलत होते, कमी ऐकू येत असावं, आवाज मोठा होता, मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. “अण्णा आहेत का?” आई म्हणाली, “नाही, ते गेले.” पलीकडून आवाज आला, “बरं बरं, आले की सांगा, मी फोन केला होता म्हणून.”

मी पदराला हात पुसत बाहेर आले. फोन घ्यायला हात पुढे केला. आईने मला थांबवलं. रिसीव्हर कानाशी तसाच धरून ती म्हणाली, “हो, सांगते.” आणि ठेवून दिला.

मी नंतर त्यांना फोन करून नीट सांगितलं. पण आईला विचारलं नाही की तू तसं का म्हणालीस. ‘वारले’ हा शब्द तिच्या तोंडून आजवर एकदाही आलेला नाही. ती ‘गेले’ म्हणते, आणि त्या शब्दात एक दार किलकिलं राहतं हे तिलाही माहीत आहे, मलाही.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मी वर्गात कधी सांगितली नाही. ‘गेले’ला ‘होते’ जोडा. ‘अण्णा गेले होते.’ गडकरी रंगायतनला गेले होते. भाजी आणायला गेले होते. हे वाक्य ऐकलं की मराठी माणसाला काय कळतं? की ते परत आले. गेले म्हणजे अजून तिकडेच, गेले होते म्हणजे जाऊन आले. आई रोज त्यांना दार उघडताना विचारायची, “कुठे गेला होतात एवढा वेळ?” ते चपला काढत, पिशवी टेकवत, काहीतरी पुटपुटत. कधी तलावावर चार मित्र भेटलेले असत, कधी बाजारात अळू स्वस्त मिळालेलं असे. तो ‘होतात’ तिला फक्त ते दारात उभे असतानाच म्हणता येत होता. इंग्रजीतही ‘ही हॅज गॉन’ आणि ‘ही हॅज बीन’ असा भेद आहे. ‘गॉन टू द मार्केट’ म्हणजे अजून बाजारातच, ‘बीन टू द मार्केट’ म्हणजे जाऊन आलेले. मी हा भेद बावीस वर्षं शिकवते आहे. जोडीचे प्रश्न, गाळलेल्या जागा, दहा गुण.

यंदाच्या मे महिन्यात शेजारच्या मल्याळी बाई फणस घेऊन आल्या. आमच्या मजल्यावर त्या वीसेक वर्षं आहेत. त्यांना मराठी समजतं पण बोलता येत नाही, आणि आई भराभर बोलू लागली की समजतही नाही. आईला इंग्रजी येत नाही. दोघींचं वाट्यांच्या देवाणघेवाणीवर छान चालतं, अडलं की मी आहे. बाईंनी गावाहून आलेला फणस आमच्याच ओट्यावर फोडला. हाताला तेल लावून, चीक पुसत, एकेक गरा काढून ताटलीत ठेवला. घरभर तो गोड, जड वास. आम्ही तिघींनी बसून खाल्ला. खाऊन झाल्यावर बाईंनी पाण्याचा पेला उचलला.

आई घाईने म्हणाली, “अगं, सांग त्यांना, हे म्हणतात फणसावर पाणी पिऊ नये म्हणून.”

हे म्हणतात. म्हणायचे नाही. दोन वर्षं होत आली, तिचा काळ बदललेला नाही. मी बाईंकडे वळले. तोंडात दोन्ही शब्द तयार होते. बँकेतला तो पेन्सिलचा गोल मला दिसत होता.

“माय फादर सेज,” मी म्हटलं, “यू शुड नॉट ड्रिंक वॉटर आफ्टर जॅकफ्रूट.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. अण्णांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत आमच्या घरचा चहा त्यांनीच केला होता.

“ही इज राइट,” त्या म्हणाल्या, आणि पेला तसाच खाली ठेवला.